लिंडनरबाईंचं स्टालिनग्राड

शनि., ५ एप्रिल
पलीकडच्या गल्लीत बांधकामासाठी खणताना बॉम्ब सापडला. महायुद्धातला, न फुटलेला. उद्या सकाळी सगळ्यांनी घरं सोडायची, निकामी करेपर्यंत शाळेच्या हॉलमध्ये बसायचं. हॅनोव्हरला हे होतच असतं. पहिल्या वेळी पासपोर्ट कवटाळून रडले होते, आता डबा भरते.

बाबा मात्र खूश! "अगं, इतकी वर्षं झाली आणि अजून जिवंत आहे बघ!" कऱ्हाडला जन्मभर इतिहास शिकवला. आई गेल्यावर पहिल्यांदाच आलेत, मेपर्यंत. इथे त्यांचं कोण? खालच्या मजल्यावरच्या फ्राउ लिंडनर. बाबांनी पहिल्याच दिवशी 'लिंडनरबाई' करून टाकलं. रोज चारला त्यांच्याकडे कॉफी. ना यांना जर्मन, ना त्यांना मराठी, तरी तासभर बसतात. हे असंच राहिलं तर दरवर्षी बोलवायचं, माझा नवरा निखिल पण हो म्हणालाय. बाबांना अजून विचारलेलं नाही.

डबा भरताना आठवलं. बाबा स्वयंपाकघरात स्टालिनग्राड शिकवायचे. आईचा मिसळणाचा डबा पळवायचा, जिरं म्हणजे जर्मन, मोहरी म्हणजे रशियन. जिरं ऐटीत व्होल्गेपर्यंत जायचं, मग मोहरी दोन्हीकडून येऊन चिमटा काढायची. आई ओरडायची, "अहो, फोडणी करपतेय, तुमची लढाई आवरा!" त्या दिवशी आमटीत दोन्ही सैन्यं एकत्र. ती चव... जाऊ दे. फार आठवण येतेय आईची.

रवि., ६ एप्रिल
वाटोळं.

हॉलमध्ये छान चाललं होतं. बाबा नि लिंडनरबाई एका बाकावर, आमचं थालीपीठ, त्यांचा केक. बाबांना चेव आला. साखरेच्या पुड्या मांडल्या, दुधाच्या डब्या मांडल्या, झालं स्टालिनग्राड सुरू. वर मला म्हणतात, "सांग त्यांना, तुमच्या सैन्यासारखं शिस्तीचं सैन्य जगात झालं नाही. वेढ्यात उपाशी राहिले, पण शेवटच्या गोळीपर्यंत लढले. सांग, आम्हाला फार आदर आहे!"

बाबांना वाटलं, बाई खूश होतील. आपल्याकडे असंच असतं ना, पाहुण्याला त्याच्या गावचा किल्ला आवडला म्हणून सांगायचं. मी आल्झो, आल्झो, म्हणजे आपलं 'तर... तर...' करत टाळत होते, तोवर इराने धाडधाड भाषांतर केलं. लेक माझी, एरवी मराठीत हूं की चूं नाही. तेरा वर्षांची. तिला काय कळणार.

लिंडनरबाई पुड्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माइन फाटर वार डॉर्ट." माझे वडील होते तिथे. परत आले नाहीत. त्या तेव्हा पाळण्यात होत्या.

पर्स उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. बाबा मला विचारतात, "काय झालं? काय म्हणाल्या?" सांगावं लागलं.

बॉम्ब दुपारी निकामी झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंगळ., ८ एप्रिल
चार वाजले. बाबा गेले नाहीत. काल पण नाही. खालूनही कोणी बोलावलं नाही.

बाईंना फोन करू का म्हटलं, तर खेकसले. नंतर स्वतःच येऊन बसले. "मी पोरांना काय शिकवलं, माहितेय? कारणे, घटनाक्रम, परिणाम. मेलेल्यांना एक वाक्य. 'अपरिमित जीवितहानी झाली.' अर्धा मार्क. लिहिलं नाही तरी चालायचं."

म्हटलं, बाबा, सगळेच तसं शिकवतात.

"म्हणून काय झालं? त्या बाईंना तोंड कसं दाखवू? तिकीट अलीकडे घे माझं. आणि पुन्हा नको बोलावूस गं, मला नाही जमायचं इथे."

निखिल म्हणतो थांब, दोन दिवस जाऊ दे. मला रडू येतंय. आई असती तर बाबांना नि बाईंना, दोघांनाही दटावून सरळ केलं असतं.

शुक्र., ११ एप्रिल
तिकिटं बघितली. मंगळवारचं मिळतंय. घेतलं नाही अजून. बाबा बॅग काढून बसलेत.

इरा रुसलीय, आजोबा जाणार म्हणून. मराठीत म्हणाली, "मी गप्प बसायला हवं होतं ना?" जवळ घेतलं तिला. तिचा काय दोष!

शनि., १२ एप्रिल
आत्ता बेल वाजली. लिंडनरबाई! काठी टेकत जिना चढून आल्या, हातात काही नाही. इराला बोलावून घेतलं, म्हणे तूच सांग आजोबांना, तू नीट सांगतेस.

म्हणाल्या, माझ्या आईने वडिलांबद्दल जन्मात एक शब्द काढला नाही. शाळेत शिक्षिकेने ते पान न शिकवताच उलटलं. नंतर वाचायचा धीर झाला नाही. म्हातारी झाले, पण वडील तिथे कसे पोहोचले, कसे अडकले, मला कोणी सांगितलंच नाही. हे मास्तर आहेत ना? मग सांगा.

बाबांचा चेहरा उतरला. "मला नाही सांगता येणार," म्हणाले. बाई ढिम्म हलेनात. बसूनच राहिल्या खुर्चीत.

मग बाबांनी चष्मा पुसला. इराला म्हणाले, "वडिलांचं नाव विचार त्यांच्या."

"हेल्मुट."

बाबांनी म्हणून बघितलं, चुकलं. बाईंनी दुरुस्त केलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा. चौथ्यांदा जमलं तेव्हा बाईंनी मान हलवली.

मी चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात आले ती इथेच लिहीत बसलेय. बाहेर बाबांचा आवाज. "हेल्मुट उन्हाळ्यात निघाला. सपाट मुलूख, धूळ, चालून चालून पाय सोललेले..." मागोमाग इराचं जर्मन, हळू, एकेक वाक्य. नदीपर्यंत आले. थंडी पडली. आणि बाबा थांबलेत.

आता बाईंचा आवाज, लहान पोरीसारखा. "उंड दान?"

आणि मग?

इरा भाषांतर करत नाहीये. बाबांना कळलंय. त्यांनी खुर्ची बाईंच्या जवळ ओढल्याचा आवाज आला.