सेवाच्या पोटातलं दार

८ डिसेंबर

डोक्यात नुसता गोंधळ! हिंगोलीच्या दवाखान्यात नव्या डॉक्टर आल्यात, अंजली मॅडम. माझ्या लेकाची, सेवाची शुगर बघता बघता सहज विचारलं, "कितव्या वर्षी निघाली?" मी म्हणलं, वर्ष कुठलं मॅडम, चार महिन्यांचा होता. लिहिता लिहिता थांबल्या. "सहा महिन्यांच्या आत? नक्की?"

नक्की म्हणजे! अंगावर पीत होता तेव्हा पहिली सुई मीच टोचली. आता अडीच वर्षांचा झालाय.

म्हणाल्या, इतक्या लवकर निघाली तर ही नेहमीची शुगर नसेलही. आईबाप आणि लेकरू, तिघांचं रक्त जनुकाच्या तपासणीला पाठवू. कदाचित सुई सुटेल.

कदाचित!! एसटीत प्रेमदास विचारून विचारून थकला. (नवऱ्याचं नाव इथंच लिहिते, तोंडानं घेत नाही.) मी आपली 'कदाचित' एवढंच म्हणत राहिले.

९ डिसेंबर

सुईची वेळ झाली की सेवा पळतो. आज पोत्यांमागं लपला — "याडी आली! याडी आली!" इतरांची लेकरं याडी (आमच्या बंजाऱ्यांत आई) दिसली की हात पसरून धावत येतात. माझं आजीच्या पदरात शिरतं. जेवतो सासूबाईंच्या हातानं, झोपतो त्यांच्या कुशीत. मी म्हणजे सुई. लय वाईट वाटतं. लिहून टाकलं, बस्स.

१४ डिसेंबर

दिवसभर मोबाईल आणि माझी जुनी बायोलॉजी. बारावी सायन्स करून लग्नात सगळं सुटलं होतं, आज परत भूक लागल्यासारखं वाचलं!

जठराच्या मागं स्वादुपिंड. त्यातल्या काही पेशी रक्तातली साखर ओळखतात. जीभ नाही, डोळा नाही, तरी! साखर पेशीत शिरते, पेशी ती जाळते, ताकद तयार होते. त्या ताकदीनं पेशीचं एक दार बंद होतं. बंद झालं की आत विजेचा दाब चढतो, मग दुसरं दार उघडतं, कॅल्शियम आत घुसतं — आणि इन्सुलिनच्या भरलेल्या थैल्या धडाधड रक्तात रिकाम्या!

भाकर खाता खाता थांबले. हे आत्ता माझ्या पोटात चालू असेल!

सासूबाई म्हणाल्या, "काहून थांबली? खडा लागला का?"

१७ डिसेंबर

कालव्याला पाणी सुटलंय. प्रेमदास हळदीत दारं धरून, सरीसरीत पाणी वळवत होता. डबा घेऊन गेले आणि तिथंच शाळा घेतली.

म्हणलं, हे खालचं दार मोडा. मोडलं. पाणी ओढ्याकडं पळालं.

"आता वरच्या सरीत चढंल का?"

"येडी झाली का? खाली वाहून चाललं ना सगळं."

"मग बुजवा." त्यानं फावड्यानं माती ओढली. पाणी फुगलं, चढलं आणि वरच्या सरीत भळाभळा शिरलं.

म्हणलं, मॅडमला वाटतं सेवाचं हे खालचं दार बुजतच नाही. साखर येते, पण दार सताड उघडं. दाब चढंना, इन्सुलिन निघंना.

प्रेमदास फावडं धरून उभाच राहिला. "म्हणजे इन्सुलिन हाय त्याच्यात?"

"असंल! भरून पडलं असंल!"

"आन् आपण बाहीरून टोचून राहिलो?"

तोवर आमचं पाणी शेजारच्या रूपसिंगभाऊच्या हरभऱ्यात. दोघांनी मिळून शिव्या खाल्ल्या, त्याही हसत हसत.

११ जानेवारी

रक्त पाठवून महिना झाला, मॅडमचा फोन नाही. रेंज नसेल म्हणून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले. तिथंही नाही.

२३ जानेवारी

आला! आला! दारच आहे!!

दाराच्या जनुकात बारीकसा बदल. आमच्या दोघांतही तो नाही, सेवातच नव्यानं झालाय. म्हणजे पोटुशी असताना मी ग्रहणात विळी धरली म्हणून नाही! ऐकलं का सासूबाई!

पेशी जिवंत आहेत. एक गोळी आहे, ती त्या दाराला दुसऱ्या अंगानं ढकलून बंद करते. बऱ्याच लेकरांना लागू पडते, सगळ्यांना नाही. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात भरती करून, सुई हळूहळू कमी करत. घरी प्रयोग करायचा नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं.

२४ जानेवारी

सासूबाई भडकल्या. "जवळा बाजार गावचा जडीबुटीचा पुडीवाला सुई सोडा म्हणला, तवा तू त्याच्या अंगावर धावून गेली. आता तूच सोड म्हणून राहिली?"

बराबर बोलल्या! इतकी वर्षं सुईसाठी मीच सगळ्यांशी भांडले. म्हणलं, पुडी देऊन तो निघून गेला असता. इथं डॉक्टर उशाशी बसून शुगर बघणार. त्यांनी सेवाला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "मी बी येते."

६ फेब्रुवारी, नांदेड

गोळी सुरू. शुगर वरच. पोट बिघडलंय त्याचं.

८ फेब्रुवारी

वरच. प्रेमदास म्हणाला, "लागू न्हाई पडली तर?" खेकसले त्याच्यावर. मग नळ सोडून रडले.

११ फेब्रुवारी

उतरली! वरणभात खाल्ल्यावर चढली आणि आपली आपण उतरली! सुई अर्ध्यावर आणली तरी! ओळखलं गं बाई पेशींनी साखरेला! सासूबाईंनी सिस्टरच्या हातात बळेच केळी कोंबली.

१६ फेब्रुवारी

आज सुई नाही. एकही नाही.

२१ फेब्रुवारी, तांडा

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे गोळी पाण्यात विरघळवून चमच्यानं देते. शुगर झकास. पण सेवाला खरंच वाटत नाही. मी जवळ गेले की मांडी पुढं करतो आणि डोळे गच्च मिटतो. "न्हाई रे राजा, सुई न्हाई." ऐकून घेतो आणि आजीकडं पळतो.

सुई गेली. मी तीच राहिले.

४ मार्च

हळद शिजायला लागलीय. कढईजवळ कांड्या निवडत बसले होते, दोन्ही हात पिवळे. मागून गळ्यात दोन इवले हात पडले.

सेवा!

मी हाक मारली नव्हती.