एक्केचाळीस नंबरची काच

३ मार्च

सर म्हणाले, "एक्केचाळीस काढून टाका." संशोधनाच्या पेपरमधून. म्हणे आलेख बिघडतो. पाच वर्षांपूर्वी तोंडाच्या गाठीचा तुकडा लावलेली ती काच मीच सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती. गाठीतल्या एन्झाइमचा रंग सगळ्यात गडद – तीनपैकी तीन गुण. रंग गडद तर आजार उलटतो, माणूस लवकर जातो, असं आमचा पेपर सांगणार. आणि ही बाई जिवंत आहे. हाच तिचा गुन्हा!

४ मार्च

कारण काय लिहू, विचारलं. "लिहा, संपर्क तुटला."

दर सहा महिन्यांनी मी फोन करते तिला. कुठे तुटला?

७ मार्च

आज पुन्हा केला. टेलरबाई. जीभ अर्धी काढलेली, पण सवयीनं कळतं सगळं. "ताई, सासूबाई म्हणतात, जीभ निम्मी झाली नि बोलणं दुप्पट." दोघी हसलो. मग सहज विचारलं, दुकान कसं चाललंय? इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं.

"ते तेव्हाच बंद केलं. मोठे डॉक्टर म्हणाले ना, रंग फार गडद आलाय, लांबचे बेत करू नका. मशीन जावेला दिलं. धाकट्या लेकीचं कॉलेज सोडवून लग्न उरकलं. म्हटलं, डोळ्यांदेखत होऊ दे. आता ती बोलत नाही माझ्याशी."

मोठे डॉक्टर म्हणजे आमचे सर. अजून आपल्यालाच खात्री नाही अशी गोष्ट तिला निकाल म्हणून सांगितली. आणि ती मेली नाही, तर आता तीच नको. जेवण गेलं नाही.

११ मार्च

सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, तिचं अख्खं घर बदललं तुमच्या एका वाक्यानं. त्यांनी फाइलीतून मान वर केली नाही. "भावनेच्या भरात शास्त्र होत नाही, मॅडम."

"मग उद्या काच सगळ्यांसमोर लावू. रंग गडद आहे आणि बाई जिवंत आहे. दोन्ही छापायचं."

बोलून बाहेर आले. बरं वाटलं.

१२ मार्च

सगळे यायच्या आधी काच लावून पाहिली. प्रत्येक काचेच्या कडेला आम्ही दुसऱ्याच कुणाचा एक तुकडा ठेवतो, रंग नीट चढला का ते कळायला. तो नेहमी गडदच येतो. तेव्हा मी तीन गुण त्यालाच दिले होते. तिचा तुकडा शेजारीच आहे. फिकट. जवळजवळ कोरा.

नोंदीखाली सही माझी. सरांनी तर फक्त ती वाचून दाखवली.