वारा कोणी घ्यायचा

सोलापूर,
२१ सप्टेंबर २०२५

चि. नात बुद्धप्रिया हिस,
सप्रेम जयभीम.

येथे आम्ही दोघेही ठीक आहोत. तुझी आई वच्छला दवाखान्यातल्या पाळ्या सांभाळून माझ्या रक्तदाबावर पहारा ठेवते. तिकडे परदेशात थंडी पडू लागली असेल. तू मात्र तक्रार करणार नाहीस, हे ठाऊक आहे. हे पत्र मी नेहमीप्रमाणे शाईने लिहितो आहे. त्याचे फोटो काढून वच्छलाच तुला पाठवील, म्हणजे तुझ्याआधी तीच वाचील. हे ध्यानात ठेवून मी लिहितो, तूही ते ध्यानात ठेवून वाच.

प्रश्न तू स्वच्छ मांडला आहेस. तुझा सायकलसंघ आणखी दोन वर्षांचा करार देतो, पण मदतनीस म्हणूनच. रेल्वेतल्या कायम नोकरीला महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे. काय करावे, हे तू मला विचारतेस. तुझ्या आईचे मत तुला माहीत आहे. "आप्पा, तुमचं तेवढं ती ऐकती. चार शब्द नीट लिवा की," असे तिने मला बजावले आहे. मी नीट लिहीन असे म्हणालो. कोणत्या बाजूने, ते बोललो नाही.

मत देण्याआधी वस्तुस्थिती कळली पाहिजे. ती मला कळलेली नव्हती, हे गेल्या रविवारी चारचौघांत सिद्ध झाले. विहाराच्या सभागृहात तुझी शर्यत मोठ्या पडद्यावर लावली होती. शेवटच्या घाटाच्या अलीकडे तू बराच वेळ सर्वांच्या पुढे होतीस, मान खाली, घोळका तुझ्या पाठीशी. मी उठून जाहीर केले की आपली मुलगी पहिली आहे. लगेच पेढे वाटले गेले. मग घाट लागला, तू कडेला सरकलीस, सगळा घोळका तुला मागे टाकून गेला आणि निकालात तुझे नाव त्र्याऐंशीव्या ओळीत सापडले. चन्नवीर, माझा कॉलेजातला जुना सहकारी, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय प्राध्यापक, पेढे परत मागायचे काय आता? मी तर खाऊन बसलो की!"

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने 'पुढे आहे' यावरून 'जिंकते आहे' असे अनुमान काढावे, ही चूक विद्यार्थ्याची असती तर मी त्याला उभे केले असते.

त्यानंतर तू फोनवर समजावलेस. "आप्पा, पुढची वारा घेती, मागच्यांचा दम वाचतो. आमची कप्तान ताजी असताना घाटाला लागली की माझं काम झालं." विधान तपासून पाहावे म्हणून परवा मंद्रूपच्या बाजाराला जाताना वच्छलेच्या स्कूटरवर मागे बसून मी मुद्दाम डोके बाहेर काढले, पुन्हा तिच्या पाठीआड घेतले, पुन्हा काढले. ती ओरडली, "काय चाललंय आप्पा? पडशीला की!" विधान खरे आहे. आडोसा मिळाला की मागच्याला वारा नसतोच म्हणायचा.

पण कसे ते कळले, तरी का ते कळेना. मे महिन्यात कप्तानचे चाक पंक्चर झाले तेव्हा तू आपले चाक काढून तिला दिलेस आणि कडेला उभी राहिलीस. तू घाटात तिच्याहून कमी नाहीस, असे तुझे प्रशिक्षकच म्हणतात. मग तिनेच का जिंकावे? मी रेल्वेच्या बाजूने युक्तिवाद तयार केला होता: कायम पगार, निवृत्तिवेतन, अपघाताचा धोका नाही, आई एकटी. एकही कलम खोटे नाही. तरी मी ते लिहून फाडले, कारण माझे खरे कारण त्यात कोठेच नव्हते.

ते आता लिहितो. माझे आजोबा त्रिंबक यांच्याकडे गावकीचे काम होते. सरकारी अंमलदार घोड्यावरून आला की त्याच्या घोड्यापुढे शिवेपर्यंत पळत जायचे. मी त्यांना म्हातारपणी पाहिले आहे. उन्हात बसून ते पोटऱ्या चोळत असत आणि माझ्या वडिलांना म्हणत, "तू कुनाच्या म्होरं पळू नगं." वडिलांनी सोलापुरात गिरणी धरली ती त्यासाठीच. विहारात सगळे हसले तेव्हा मीही हसलो. पण पडद्यावर सगळ्यांच्या पुढे पळून कडेला सरकलेली तू दिसत होतीस आणि मला शीव दिसत होती. घरी येऊन जेवण गेले नाही. वच्छलेला वाटले, पेढ्यांनी पोट बिघडले.

साम्य दिसले म्हणून ते मान्य करावे असे नाही, तपासावे. त्रिंबकांना नाही म्हणता येत होते का? नाही. ते काम त्यांच्या पायांची ताकद पाहून मिळाले होते का? जन्म पाहून मिळाले होते. तुझ्याबाबत या दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत, हे मला माहीत होते. तिसरा प्रश्न उरला: घोड्यावरचा कधी खाली उतरून पळतो का? याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून मी तुझ्या जुन्या शर्यती शोधून पाहू लागलो.

जूनमधली डोंगराची शर्यत सापडली. त्यात तुझी कप्तान मागे संघाच्या गाडीपाशी गेली, पाठीवरच्या खिशांत पाण्याच्या बाटल्या कोंबल्या, घोळक्यातून वाट काढत तुझ्यापर्यंत आली आणि एक तुझ्या हातात दिली. मग तुझ्यापुढे होऊन घाटाच्या पायथ्यापर्यंत वारा तिने घेतला. तू सहावी आलीस. तिचे नाव मला निकालात फार खाली सापडले. हे तू आम्हाला कधी सांगितले नाहीस. का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे. तुला ते सांगण्याजोगे वाटलेच नसेल, तर ते अधिकच जाणून घ्यायचे आहे.

माझे मत असे: करारावर सही करावीस. रेल्वेला नकार सभ्य शब्दांत आणि मुदतीआधी कळवावास.

वच्छला, तू मला याच्या उलट लिहायला सांगितले होतेस. तुझी भीती मी खोडलेली नाही. ती मला खोडता येत नाही. पोर पडेल तेव्हा पडेल आणि आपण येथे असू. तरीही या पानाचा फोटो काढायचा राहून गेला, असे होऊ देऊ नकोस.

त्रिंबकांचा नातू आणि तुझा,
आप्पा