बाबांच्या हातची नीळ

आईस सुरतेहून दीक्षाचा जयभीम.

मी बरी हाय, कामही बराबर चालू हाय. तुझे गुडघे कसे हायत? दोन घास जातात का?

काल पोरीनं इचारलं, "आपला झेंडा निळाच काहून?" म्या म्हनलं, आभाळ समद्यांवर सारखंच असतंय म्हनून. मग आपल्या बाबांची गोष्ट सांगितली. बेचाळीस साली बाबांचा बाप, कोंडीबा आजा, नागपूरच्या परिषदेला गेला, तिथं आपल्या लोकांच्या फेडरेशनचा निळा झेंडा पाहून आला. गावात निळं कापड भेटलं न्हाई, तवा आपल्याच पांढऱ्या धोतराचा तुकडा कपड्याच्या निळीत बुडवला. तीच रीत बाबांनी धरली. दर जयंतीला झेंड्याला नवी नीळ, आन त्यांचे हात आठवडाभर निळे.

पोरगी म्हनली, "आजोबांना फोन लाव, मला अजून इचारायचंय." बाबा गेले हे तिला अजून उमगत न्हाई. मला तरी कुठं उमगलंय?

तू म्हनलीस, झेंडा फिका पडला, यंदा नवा इकत आनू. आनू नको, आई. नीळ बी घालू नको. उरली तेवढी बाबांच्या हातची हाय. जयंतीला तोच लाव.

मी येते तवर त्याला पान्यात घालू नको.

तुझीच,
दीक्षा