विहीणबाईंचं कार्ड

९ ऑक्टोबर १९३८, रविवार

विहीणबाई आल्या! देवळातून घरी येते तो ओटीवर बसलेल्या. शेजारी गाठोडं, मांडीवर माझी थोरली नात लहानी. ती एरवी मला लांबून बघितलं की धावत येते. आज जागची हलली नाही. तोंडात उकडलेलं करांदं होतं, त्यांच्या शेताकडचा कंद.

माझ्या सुनेचं, कमळचं, हे तिसरं बाळंतपण. दिवस भरायला दीड-दोन महिने आहेत. मी आहे, जनी सुईण हाकेवर आहे. तरी सून म्हणाली, "आईला बोलावून घेते." घे बाई. मी कोण नाही म्हणणारी?

११ ऑक्टोबर

करांदी मलाही दिली. कडू होती. कमळ म्हणते, गोड आहेत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

आमच्या विहीणबाई हौसाबाईंना लिहितावाचता येत नाही. मुरबाडच्या पलीकडे दोन कोसांवर गाव, जन्म शेतात गेला. स्वभाव मोकळा, हसणं मोठं. फार मोठं. विहिरीवर हसल्या तर घरात ऐकू येतं.

आज अनंताने आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. लाकडाच्या डेपोवरून दमून येतो, दोन घास खाऊन उठतो, असा माझा मुलगा. विचारलं, "काय रे, आज भूक?" म्हणाला, "मामींनी केलीय ना!" माझी चूल. माझं मीठ. माझा मुलगा!

१६ ऑक्टोबर, रविवार

आज उपासनेत जे झालं ते लिहून टाकते, म्हणजे पोटात राहायचं नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत गायन मी सुरू करते. आज अठरा वर्षं. हे मास्तर होते तेव्हा ते पेटी वाजवत आणि मी पहिली ओळ धरत असे. ते गेले, पेटीची हवा गेली, पण पहिली ओळ माझीच. आजही मीच धरली. दुसऱ्या ओळीला मागून एक आवाज आला. उघडा, खेड्यातला, न शिकलेला. शब्द अर्धे चुकीचे. पण असा आला की पुढच्या बाकावरच्या बायका माना वळवून बघू लागल्या. तिसऱ्या ओळीला सगळं देऊळ त्या आवाजामागून चाललं होतं. मीसुद्धा!

बाहेर पडताना पाळकसाहेब म्हणाले, "गिरजाबाई, तुमच्या विहीणबाई म्हणजे देणगी आहे हो मंडळीला."

अठरा वर्षांत मला कोणी देणगी म्हणालं नाही. मी म्हणजे देवळाची घंटा. रोज वाजते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

१९ ऑक्टोबर

लहानी आता त्यांच्याशेजारी निजते. "आजी, तू घोरतेस." त्या घोरत नाहीत का? घोरतात! मी ऐकलंय!

२४ ऑक्टोबर, सोमवार

गावात दिवाळी. शेजारच्यांनी फराळ पाठवला, आम्ही घारगे पाठवले.

आज जात्यावर बसले होते. हौसाबाई दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लावून बसल्या आणि आपोआप ओवी म्हणू लागल्या. स्वतः जुळवलेली.

येशूच्या गं दारी, लोंबी झुकली भाताची
लाज नाय वाटत, रित्या माझ्या हाताची

विचारलं, कुठे शिकलात? म्हणाल्या, "शिकते कुठं? दळताना येतं तोंडात." मी तीस वर्षं मुलींना व्याकरण शिकवलं. मला अशी एक ओळ सुचली नाही. पीठ फार जाड झालं आज. मी खुंटा फार जोरात ओढत होते.

३० ऑक्टोबर, रविवार

सुगीची उपासना १३ नोव्हेंबरला ठरली. नुसती तारीख ऐकली आणि अंग हलकं झालं. वर्षभरात माझा असा एवढाच दिवस. नाताळ सगळ्यांचा, सुगी माझी. आदल्या दिवशी सगळं घर सापगावला आमच्या खाचरावर जातं. घरातलं सगळ्यांत लहान मूल पहिली पेंढी उचलतं. अनंताने उचलली होती तेव्हा पेंढी मोठी आणि तो लहान, नुसतीच पेंढी चालत येतेय असं वाटे! संध्याकाळी देवळात मी एकटी. चावी माझ्याकडे. प्रभुभोजनाच्या मेजाच्या दोन्ही अंगांना भात, मधे काकड्या, भोपळा, नाचणीची कणसं, वर झेंडू. दार लावून घेते आणि पहिल्या बाकावर जरा बसते. ओल्या पेंढ्याचा वास. देव आणि मी. त्या घटकेला मला काही मागायचं नसतं.

हे सगळं मनात घोळवत होते, तेवढ्यात पाळकसाहेब म्हणाले, "यंदा मेजाजवळ हौसाबाई उभ्या राहतील. लहानीने मला म्हणून दाखवली, ती त्यांची ओवी त्या म्हणतील. मग सगळी मंडळी. गिरजाबाई, तुम्ही त्यांना जरा सांभाळून घ्या."

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२ नोव्हेंबर

प्रार्थना केली, हा हेवा काढून टाक. उठले तो परसात लहानी ती ओवी म्हणत होती. काढून टाकलेला नाही.

६ नोव्हेंबर, रविवार

हौसाबाईंनी विचारलं, "देवळात पेंढ्या लावायला मी येऊ का गो, विहीणबाय? हातभार लागंल." मी म्हटलं, जागा लहान आहे. देवळात दीडशे माणसं बसतात.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मी पाप केलं. शब्द मोठा आहे, पण लहान शब्द सापडत नाही.

दुपारी कार्ड आलं, हौसाबाईंच्या नावाचं. त्या ओढ्यावर होत्या. कार्ड त्यांच्या मुलाचं, सावळारामचं. चार ओळी. इकडे सर्व खुशाल. भात कापून झालं, झोडणी चालू आहे. घरची काळजी करू नये. कमळचं बाळंतपण होईतो तिकडेच राहावे.

त्या आल्या, हात पुसले, माझ्यासमोर बसल्या. "वाचा गो. माझ्या लेकानं काय लिव्हलंय?"

मी कार्डाकडे बघत वाचलं. "कापणी अडली आहे. माणसं मिळत नाहीत. आई, तू लगेच निघून ये."

किती सरळ वाचलं! कुठे अडखळले नाही. शाळेत मुलींना धडा वाचून दाखवावा तसं.

त्यांनी बोटांवर हप्ते मोजले. मग म्हणाल्या, "कमळला अजून तीन हप्ते हायत. जाते. चार हात लावते नि येते माघारी." उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या उपासनेला नाय मग मी. माझी ती ओवी तुमीच म्हणा. तुमचा आवाज शिकलेला हाय."

कार्ड चुलीत घातलं.

९ नोव्हेंबर

किन्हवलीकडे जाणारी बैलगाडी मिळाली, तीत बसून गेल्या. तिथून पुढे दुसरी बघणार. लहानी गाडीमागे वेशीपर्यंत गेली. मी दारातच उभी राहिले. हायसं वाटलं. हे खरं लिहिते. हायसं वाटलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

सापगावला जाऊन आलो. कमळ घरी राहिली, पाय सुजलेत. ऊन छान होतं. खाचरात नुसतं सोनं! लहानीच्या धाकट्या बहिणीने, चिमाने पेंढी उचलली, दोन पावलं टाकली आणि बसकण मारली. अनंता हसला, मीही हसले. लहानी बांधावर पाठ करून बसली होती. म्हटलं, चल, पोह्यांना भात निवडू. म्हणाली, "हौसाआजी म्हणाली होती, ती मला विळा धरायला शिकवणार. तू तिला राहा म्हणाली नाहीस."

संध्याकाळी देवळात गेले. सगळं मांडलं. दार लावलं, बाकावर बसले. वास तोच. पण मला तिथे बसवेना. पाच मिनिटांत उठून आले.

१३ नोव्हेंबर, रविवार

देऊळ भरलं होतं. लोक म्हणाले, मेज इतकं सुरेख कधीच नव्हतं. खरंच नव्हतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "हौसाबाई नाहीत, तर ती ओवी तुम्ही म्हणाल का?" मी म्हटलं, शब्द आठवत नाहीत.

एकेक अक्षर आठवतं!

नेहमीचं गायन धरलं. पहिली ओळ माझी, दुसरी माझी, शेवटची माझी. मागून कोणाचा आवाज आला नाही. घरी नव्या तांदळाची खीर केली. सगळ्यांनी खाल्ली. दुसऱ्यांदा कोणी मागितली नाही.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

कमळला पहाटेपासून कळा. दोन हप्ते आधी! जनी आली, पोटावर हात फिरवला, मला बाहेर बोलावलं. "पोर आडवं हाय, बाय. मला फिरवता येईल असं वाटत नाय. हौसाबाईचा हात चांगला. ती कुठं गेली?"

ती कुठं गेली!

डॉक्टर दौऱ्यावर. दवाखान्यात कंपाउंडर, तो म्हणतो, ठाण्याला न्या. गाडीत अशी कशी न्यायची? अनंता सायकल घेऊन मुरबाडकडे निघाला. मी कमळचा हात धरून बसले. कळ आली की ती आईला हाक मारते. सबंध दिवस एकच शब्द. आई. मी म्हणते, आहे गं, मी आहे. ती डोळे उघडून बघते आणि पुन्हा मिटते.

दुपारनंतर कळा थांबल्या. हे चांगलं की वाईट, जनी सांगत नाही. प्रभू, मला काय करायचं ते कर. हिला का?

१६ नोव्हेंबर, बुधवार

मुलगी झाली. दोघी सुखरूप. दोघी सुखरूप. दोघी सुखरूप.

सकाळी गाडी दारात आली. हौसाबाई उतरल्या त्या थेट आत गेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेल मागितलं, हात धुतले, लेकीच्या पोटावर ठेवले आणि बोलत राहिल्या. लेकीशी नव्हे, आतल्या बाळाशी. "ये गो बाय, अशी वळ. इकडं वाट हाय." तासभर. जनी म्हणाली, फिरलं! दहाच्या सुमाराला रडण्याचा आवाज आला.

ओटीवर आम्ही सगळे. तेव्हा अनंता म्हणाला, "एक कळलं नाही. सावळाराम म्हणतो, भात कधीच कापून झालं होतं. त्याने बोलावलंच नव्हतं. मग आई, कार्डात होतं काय?"

मी चिमाला मांडीवर ओढून घेतलं.

हौसाबाई पदराने हात पुसत बाहेर आल्या होत्या. म्हणाल्या, "त्यांनी बरोबर वाचलं. मीच भलतं ऐकलं. कान गेले माझे आता."

कान! ज्या बाईला एकदा ऐकलेली चाल दुसऱ्या ओळीला येते, तिचे कान!

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

गावी पोचल्या त्याच दिवशी त्यांना सगळं कळलं असणार, म्हणूनच आपणहून परतल्या नाहीत. अजून काही बोलल्या नाहीत. मला वाढतात, मी त्यांना वाढते. विचारतात, विहीणबाय, बाळंतिणीला सुंठ दिली का? दिली. बस्स.

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चार शब्द ऐकले असते, चार बोलले असते. आता याचाही हेवा वाटतो. आवाज त्यांचा, हात त्यांचे, नात त्यांची, आणि क्षमा करणंही त्यांचंच. मला काही शिल्लक ठेवलं नाही.

उद्या सांगणार. मी होऊन सांगणार.

१९ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२० नोव्हेंबर, रविवार

उपासनेत पाळकसाहेबांनी नव्या बाळासाठी उपकारस्तुती केली. मेजावरची फुलं सुकली होती, भात तसाच होता. हौसाबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी ओवी म्हटली. मंडळीने मागून म्हणायची होती, पण शब्द कोणाला येत नव्हते. मग मी उभी राहिले आणि त्यांच्यामागून म्हटलं. शब्द आठवत नाहीत असं गेल्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, तरी म्हटलं. लाज नाय वाटत, रित्या माझ्या हाताची. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. बघू दे.

हेवा गेला, असं लिहिणार होते. गेला नाही. त्या गात होत्या तेव्हा होताच. एक खोटं पुरे झालं.

परत येताना सबंध वाट दोघी शेजारी चाललो. तेवढ्यात सांगायचं होतं. वेशीपाशी तोंड उघडलं आणि म्हटलं, ऊन किती लागतंय नाही! त्या म्हणाल्या, "हां. लागतंय."

२२ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी हौसाबाई लहानीची पाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. "विहीणबाय, मला अक्षरं शिकवा." म्हटलं, आता या वयात कशाला? पाटी पदराने पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पुढचं कार्ड माझं मी वाचीन."