अटकेची पूर्वतयारी

३ फेब्रुवारी
विद्यानगरात जमावबंदी. चारपेक्षा जास्त माणसं बसायची असतील तर पोलिसांची परवानगी, आणि अर्जाला आधार कार्ड. बागेतल्या संध्याकाळच्या कट्ट्यावर आम्ही सगळे पेन्शनर. आमच्यामुळे शांतता भंगते ती फक्त खोकल्याने. पण ज्याच्या हाती लाठी, त्याची अक्कल गुडघ्यात.
ठरलं. ऑर्डर मोडायची, अटक करून घ्यायची. कॉलेजात जन्मभर सिव्हिक्स शिकवलं ते काय झोपा काढायला?
शिवाय नारायणरावांचं तोंड बंद होईल. दाजीबानपेठेतला कापड दुकानदार! तरुणपणी कुठल्याशा मोर्चात एक रात्र कोठडीत काढली आणि तेव्हापासून प्रत्येक चहाबरोबर आम्हाला तीच कोठडी.

४ फेब्रुवारी, सकाळ
अटकेची बॅग भरली. बीपीच्या गोळ्या, स्वेटर, दंतमंजन. श्यामला म्हणाली, अहो, कोठडीत पंखा असतो का ते तरी विचारून या. बायकोला चळवळीतलं काय कळतं! आधार कार्ड कपाटात कुलूपबंद. तत्त्व म्हणजे तत्त्व.

६ फेब्रुवारी
कट्ट्यावरच्यांना फोन केले. सगळे तयार. ऑर्डर मोडायला नक्की येतो म्हणाले, फक्त आधी परवानगी तेवढी काढून ठेवा. एकाच्या मुलाचं पासपोर्टचं चाललंय. शेळ्या! एकजात शेळ्या. नारायणरावांना मुद्दाम फोन केला नाही.

७ फेब्रुवारी
पोलीस स्टेशनला गेलो. परवानगी मागायला नव्हे, निषेध कळवायला. इन्स्पेक्टर मंजुनाथ माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. खुर्ची दिली, चहा मागवला आणि आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाला, सर, आधार तगोंड बर्री, घेऊन या, लगेच परवानगी देतो. मी ठणकावलं, गुरूकडे ओळखपत्र मागतोस? तर म्हणे, मी ओळखतो हो सर, कम्प्युटर ओळखत नाही.
संध्याकाळी आधार नेऊन दिलं. ही शरणागती नव्हे. शत्रूला गाफील ठेवावं लागतं.

८ फेब्रुवारी
परवानगी आली. उद्या चार वाजता, बागेत, परवानगीच्या सक्तीविरुद्ध निषेध सभा. अट एकच : येणाऱ्या प्रत्येकाचं आधार कार्ड आयोजकाने गेटवर तपासायचं. आयोजक मी. उत्तम! ऐनवेळी अट झुगारतो, मग मंजुनाथला मला धरावंच लागेल.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
झुगारणारच होतो. पण लोक आपणहून कार्ड पुढे करत होते, तेही रांगेने. समोर धरलेलं न बघणं असभ्यपणाचं. बघता बघता हात बसला. एकाचा चेहरा फोटोशी जुळेना, त्याला चष्मा काढायला लावला.
मग न बोलावलेले नारायणराव आले. कार्ड दाखवणार नाही म्हणाले. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कळलं नाही, पण आवाज छान भारदस्त लागला. ते गेटातच बसले आणि घोषणा देऊ लागले. आमच्या शेळ्या पासपोर्ट विसरून त्यांच्यामागे जाऊन बसल्या! पोलिसांनी सगळ्यांना व्हॅनमध्ये घातलं. मीही बॅग घेऊन पायरीवर पाय ठेवला, तर मंजुनाथने अदबीने खाली उतरवलं. म्हणाला, सर, तुमच्याकडे परवानगी आहे. तुम्हाला कसं धरू?
कायद्याचं अर्धवट ज्ञान. मीच शिकवलेलं असणं शक्य नाही.

१० फेब्रुवारी
कन्नड पेपरात पहिल्या पानावर फोटो. नारायणराव व्हॅनच्या दारात, मूठ उंचावून. बाजूला मी, हातात कुणाचं तरी आधार कार्ड. चेहरा करारी आलाय. श्यामलाने फोटोखालची ओळ मोठ्याने वाचली : अटक झालेले ज्येष्ठ आंदोलक, आणि त्यांना गेटवर अडवणारे साध्या वेशातले पोलीस.