हीटर चालू असताना

११ जानेवारी, गुरुवार

जुनी डिझेल गाडी विकली. हवेत धूर साचला की तिला तुरिन शहरात बंदी, आणि थोरल्या बहिणीची, निवेसची, केमो धूर बघून थोडीच येते! आता दारात नवी ‘हायब्रिड’. खालच्या मजल्यावरचे ओदिलो तिला दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "प्लग कुठे खुपसायचा?"

कुठेच नाही. ब्रेक दाबला की वाया जाणारा जोर वीज होऊन सीटखालच्या इवल्या बॅटरीत जातो. गाडी हलवताना तीच वीज इंजिनाला हात देते.

"म्हणजे नुसत्या विजेवर चालत नाही?"

पाऊलभरसुद्धा नाही.

"फसवलं की हो तुम्हाला, बाई."

केमोला नेताना वाटेत निवेसला समजावलं. ती म्हणाली, "कळलं. आमचा तुलिओ. कपाट हलवताना हात लावतो, उचलत नाही." तिचा नवरा मागच्या सीटवरच होता. तोही हसला.

१८ जानेवारी, गुरुवार

एक मात्र खरं. लाल दिव्याला गाडी थांबते न थांबते तोच इंजिन बंद. निघताना आचका न देता सुरू. गर्दीत पेट्रोल कमी लागतं – विक्रेता म्हणाला तितकं कमी नाही, पण कमी. हमरस्त्यावर फरक शोधायला भिंग हवं.

पण ती शांतता! पहिल्या दिव्याला निवेसचा श्वास ऐकू आला. दुसऱ्या दिव्याआधी मी रेडिओ लावला.

२५ जानेवारी, गुरुवार

निवेसला आता गारठा सोसत नाही. हीटर शेवटच्या आकड्यावर. तसं केलं की इंजिन थांबतच नाही; ऊब त्याच्याच जिवावर. फोन करून विचारलं, तर तक्रार समजून विक्रेता म्हणाला, "दोष नाही बाई, असंच असतं." मी आभार मानले. बिचारा गोंधळला.

रस्ताभर घरघर. आम्ही दोघी आर्टिचोकच्या भाजीच्या दरावर बोललो. बरं झालं.

८ फेब्रुवारी, गुरुवार

तुलिओला पडसं, म्हणून आम्ही दोघीच. नदीच्या पुलाअलीकडे लाल दिवा. निवेसने हात लांबवून हीटर बंद केला.

"गारठशील."

"थांब जरा."

इंजिन गप्प झालं.

"पुढच्या गुरुवारी मी येणार नाही. नंतरही नाही. डॉक्टरीणबाईंशी बोलून झालंय. तुलिओला तू सांग."

"मी का?"

"जन्मभर त्या जिभेने लोकांना सोलत आलीस. एकदा कामाला येऊ दे तिला."

हिरवा. मागच्याने हॉर्न मारला. मी हीटर परत लावला, पूर्ण. रुग्णालयापर्यंत एकाही दिव्याला इंजिन थांबलं नाही.

९ फेब्रुवारी

तुलिओला सांगितलं. मक्याच्या पिठाची पोलेंटा ढवळत होता, ढवळतच राहिला. खाली लागल्याचा वास आला तेव्हा म्हणाला, "मी काय करू आता?"

म्हटलं, "हात लाव. उचलता नाही आलं तरी."

२ मार्च

तो तिचे पाय चोळत बसतो. तासन्‌तास. ती मला म्हणाली, "बघ, चार्ज होतोय."

१४ मार्च, गुरुवार

रुग्णालयातून तिचा कोट आणि सपाता घेऊन आम्ही दोघंच परत निघालो. पुढची सीट मोकळी, तरी तुलिओ मागेच बसला. हीटर लावायचं कुणालाच सुचलं नाही.

प्रत्येक दिव्याला इंजिन बंद झालं.